टेकू काढून घेतल्यावर

ग्रंथालयात शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी दबक्या आवाजात सांगितले की मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारी मेंदूच्या घडणीतली अवस्था, असल्याचे निदान झाले आहे. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा घोळवले होते, आणि तरीही तोंडातून बाहेर पडताना ते सबबीसारखेच ऐकू आले. तिने पुस्तकातून मान वर केली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, असं तर आपल्या सगळ्यांनाच होतं. तू फार विचार करू नकोस." तिच्या बोलण्यात उपहास नव्हता; मला धीर द्यावा म्हणूनच ती बोलली होती. मग तिने वहीचे नवे पान उघडले, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, शीर्षकाखाली पट्टीने रेघ ओढली आणि पुढचा बराच वेळ ती लिहीत राहिली. मी तिच्याकडे पाहत राहिले. डोक्यावरच्या दिव्याची बारीक गुणगुण, दोन टेबलांपलीकडे कुणीतरी पेनाचे टोपण उघडत-मिटत होते त्याची टकटक, मानेला टोचणारी कपड्याची शिलाई आणि समोरच्या पानावरचे वाक्य, हे सगळे माझ्यापर्यंत सारख्याच जोराने पोचत होते. तिच्यापर्यंत त्यातले फक्त पान पोचत असावे.

ते वाक्य नंतर कित्येक दिवस माझा पिच्छा सोडेना. साफ खोटे असते तर मी ते जागच्या जागी खोडून काढले असते. पण ते अर्धे खरे होते आणि अडचण तिथेच होती. वाचता वाचता मन भरकटणे, किल्ल्या हरवणे, काम शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलणे, समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधीच मध्ये तोंड घालणे, यांतले काहीच न करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, जिची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली, तिच्यात लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची ९ लक्षणे दिली आहेत. ती इतकी साधी आहेत की वाचताना कुणालाही आपलाच चेहरा दिसावा. निदानाचा खरा भार असतो तो त्यापुढच्या अटींवर. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीत दोहोंपैकी एका गटातली किमान ५ लक्षणे असावी लागतात, त्याहून लहान मुलांत ६. ती सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. आणि त्यांच्यामुळे जगण्यात स्पष्ट अडथळा येत असावा लागतो. रक्तदाब जसा प्रत्येकालाच असतो, पण तो एका मर्यादेपलीकडे गेला की उपचार करावे लागतात, आणि ती मर्यादा माणसांनीच विचारपूर्वक आखलेली असते, तसेच काहीसे हे आहे. तेव्हा मैत्रिणीचे म्हणणे त्या अर्थाने बरोबर होते. तिला जे अधूनमधून होते तेच मला होते.

मला ते अधूनमधून होत नाही, एवढेच.

बाहेरून हे सगळे आळसासारखे दिसते, म्हणून ते जरा जवळून सांगते. संध्याकाळची वेळ आहे, जेवण झाले आहे, टेबल आवरलेले आहे, आणि उद्या द्यायच्या निबंधाची फाइल उघडी आहे. तिच्यात फक्त शीर्षक आहे. विषय माझ्या आवडीचा आहे. तो मीच निवडला आहे. पहिले वाक्य काय असावे हेही मला साधारण ठाऊक आहे. मी कळफलकावर बोटे ठेवते आणि बोटे तिथेच राहतात. हा आराम नव्हे. यात सुख अजिबात नाही. छातीत काहीतरी आवळल्यासारखे होते, पाय टेबलाखाली हलत राहतो, आणि "आता लिही" हा हुकूम डोक्यात पुन्हा पुन्हा सुटतो, पण तो हातापर्यंत पोचत नाही. मग मी शीर्षकाचा टाइप बदलते. तो पुन्हा पूर्वीसारखा करते. संदर्भासाठी एक लेख उघडते, त्यातल्या एका तळटीपेवरून दुसऱ्या लेखावर जाते, तिथून तिसऱ्यावर, आणि निबंधाशी काडीचाही संबंध नसलेल्या कुठल्याशा जुन्या जमीन-मोजणीच्या वादाबद्दल मी मध्यरात्रीपर्यंत तहानभूक विसरून वाचत राहते. ज्या मेंदूला लक्ष टिकवता येत नाही असे म्हणायचे, तोच मेंदू या वेळी लक्ष काढून घ्यायला तयार नसतो. मध्यरात्र उलटली की अंगावर काटा येतो, हात एकदम सुटतो आणि पहाटेपर्यंत निबंध लिहून होतो. तो बरा असतो. यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच, कारण बऱ्या निबंधाला बरे गुण मिळतात आणि तो कसा लिहिला गेला हे त्या गुणांत कुठेही दिसत नाही.

त्याच आठवड्यात त्याच मैत्रिणीचा निबंध अडला होता, आणि मी तिला बसल्या जागी पूर्ण आराखडा काढून दिला होता: आधी हे मांड, मग ते, हा पुरावा इथे, हा मुद्दा गाळ. म्हणजे कसे करायचे हे मला उत्तम समजत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की एडीएचडीमध्ये उणीव ज्ञानाची नसते, जे ठाऊक आहे ते नेमक्या क्षणी कृतीत आणण्याची असते. स्वतःला थोपवणे, हातातली गोष्ट मनात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज घेणे आणि दूरच्या फळासाठी आज झीज सोसणे, ही मेंदूतली व्यवस्थापकीय कामे इथे डळमळीत असतात. दूरवरच्या बक्षिसाची किंमत तर सगळ्यांच्याच मनात कमी होत जाते, पण आमच्यासारख्यांच्या मनात ती फार झपाट्याने घसरते. तीन आठवड्यांनी द्यायचे काम मला दिसतच नाही असे नाही. ते क्षितिजावर असते, त्याची भीतीही वाटते, पण त्या भीतीला अजून धार आलेली नसते. धार येते ती आदल्या रात्री, आणि तेव्हा शरीर स्वतःच जी रसायने ओतते ती मला तात्पुरती शुद्धीवर आणतात. वर्षानुवर्षे मी अशी भीतीवर अभ्यास करत आले. ते इंधन महाग पडते. झोप बिघडते, पोट बिघडते, आणि पुढच्या वेळी तेवढेच काम करून घ्यायला जास्त भीती लागते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे निदानानंतर माझा पहिला ओढा जुन्या कागदांकडे होता. (निबंध सोडून हेच करत बसले, हे वेगळे सांगायला नको.) अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लक्षाच्या अस्थिरतेवर एक प्रकरण आहे. अशा माणसांचे लक्ष कशाकशाने मोडते याची त्याने जंत्रीच दिली आहे: खोलीत कुणी येरझाऱ्या घालणे, टेबल सरकणे, दार अचानक बंद होणे, उष्मा किंवा गारठा किंचित वाढणे, उजेड थोडा जास्त किंवा थोडा कमी असणे. ते वाचून मला हसू आले, कारण दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने माझ्या ग्रंथालयातल्या टेबलाचेच वर्णन केले होते. मग १९०२ सालाशी आले. त्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेली व्याख्याने एडीएचडीच्या इतिहासात हमखास सांगितली जातात. बुद्धीने ठीक, पण स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांबद्दल तो बोलत होता, आणि त्याने या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले. न्यायाने सांगायचे तर या दोषाचे मूळ शरीरात असावे असाच स्टिलचा कयास होता. वाईट संगोपन एवढेच कारण त्याला पुरेसे वाटत नव्हते. पण त्याने ठेवलेले कारण मागे पडले आणि नीतीचा शिक्का तेवढा समाजात टिकला. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांत तोच शिक्का वेगवेगळ्या अक्षरांत मारलेला आहे. हुशार आहे पण प्रयत्न करत नाही. मनावर घेतले तर पहिली येईल. हे शेरे प्रेमाने लिहिलेले होते यात मला शंका नाही, आणि त्यांतला प्रत्येक शेरा मला असेच सांगत होता की जे होत नाही ते तू करत नाहीस.

तरीही शाळा पार पडली. ती का पार पडली, हा प्रश्न मला निदान होईपर्यंत पडलाच नव्हता. शाळेत घंटा होती. एक तास संपला की दुसरा विषय आपणहून समोर येत असे. कुठे जायचे, कधी जायचे, कोणते पुस्तक काढायचे, हे मला ठरवावे लागत नव्हते. गृहपाठ दुसऱ्या दिवशी तपासला जाई, चाचणी दर काही आठवड्यांनी होई, आणि घरी आई दप्तर उघडून पाहत असे. या सगळ्या टेकूंवर मी उभी होते आणि आपण स्वतःच्या पायांवर उभे आहोत असे मला वाटत होते. विद्यापीठाने हे टेकू एका झटक्यात काढून घेतले, तेही स्वातंत्र्य या गोंडस नावाखाली. दिवसाला दोन लेक्चर, मध्ये लांबच लांब मोकळा वेळ, हजेरीची फारशी फिकीर नाही, वाचनाची भलीमोठी यादी आणि सेमिस्टरच्या टोकाला एक परीक्षा. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी थोडे धडपडून या मोकळ्या मैदानात आपापल्या वाटा पाडल्या. मी पहिल्या सेमिस्टरच्या अखेरीस वसतिगृहाच्या खोलीत न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून, परत करायची मुदत उलटलेली पुस्तके मोजत होते.

हे वय निदानाचे का ठरते, याला मेंदूच्या वाढीचीही एक बाजू आहे. अमेरिकेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वर्षानुवर्षे मोजली होती. बाह्यपटलाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचे मध्यक वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे निघाले, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. आणि हे मागे पडणे नियोजन व संयमाशी निगडित अशा पुढच्या भागांत सर्वांत ठळक होते. वाढीचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच होता. अर्थात यावरून प्रत्येकाचे सगळे आपोआप सुरळीत होते असे नाही. पुष्कळांची लक्षणे मोठेपणीही उरतात. पण अठराव्या वर्षी सर्वांकडून एकाच दिवशी सारख्याच स्वावलंबनाची अपेक्षा करणारी व्यवस्था कुणाच्या मापाने शिवली आहे, हे त्यावरून दिसते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बाकावर उड्या मारणारा मुलगा शिक्षकांना दिसतो; खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. लहान वयात निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त असते आणि प्रौढांत ही तफावत बरीच कमी होते, याचे एक कारण या शांत बसण्यात आहे. माझी चंचलता माझ्या डोक्यात होती. ती कुणाला त्रास देत नव्हती.

लहानपणीचा पुरावा लागतो म्हणून समुपदेशकांनी आई-बाबांशी बोलायचे ठरवले. तसे करणे आवश्यकच होते, कारण नैराश्य, चिंताविकार, अपुरी झोप किंवा थायरॉइडचा त्रास यांच्यामुळेही लक्षाचे असेच तीनतेरा वाजू शकतात, आणि ते आधी तपासून बाजूला काढावे लागते. आई फोनवर जरा दुखावल्यासारखीच झाली होती. "तासन्तास एका जागी बसून गोष्टीची पुस्तकं वाचायचीस तू. हाक मारली तरी ऐकू यायची नाही तुला. तुझं लक्ष नसतं असं कसं म्हणू मी?" समुपदेशकांनी हाक ऐकू न येण्याचीच नोंद करून घेतली. बाबांचे म्हणणे निराळे होते. त्यांनी लक्षणांची यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "यातलं सगळं मलाही आहे. माझं काय अडलं?"

बाबांचे काय अडले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते. याचा अर्थ आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला ७४ टक्के शक्यता, असा नव्हे; लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला एवढा वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. तरीही आमच्या घरापुरते बोलायचे तर मला आकड्याची गरज नव्हती. बाबांनी उत्साहाने सुरू केलेली आणि अर्ध्यावर सोडलेली कामे माळ्यावर रचून ठेवलेली आहेत. बिले कोण भरते, मुदती कोण लक्षात ठेवते, नातेवाइकांचे वाढदिवस, डॉक्टरांच्या वेळा, हरवलेला चष्मा, प्रवासाला निघताना तिकिटे, हे सगळे कोण पाहते, याचा मी कधी हिशेब मांडला नव्हता. तो मांडला तेव्हा प्रत्येक ओळीपुढे आईचे नाव आले. बाबांचे काही अडले नाही, कारण त्यांची आठवण आणि त्यांचे घड्याळ दुसऱ्याच एका माणसाच्या डोक्यात चालत होते. हे मी बाबांना सांगितलेले नाही. आईला सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी औषध होते म्हण की." ती हसली, पण मला त्या हसण्याचा नीटसा अर्थ लावता आला नाही.

औषधांबद्दल बोलताना माझ्या ओळखीतले लोक एकदम दोन टोकांना जातात: एकीकडे चमत्कार, दुसरीकडे विष. या औषधांची गोष्ट निराळ्याच कारणाने सुरू झाली. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एका बालसंस्थेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी, मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांना होणारी तीव्र डोकेदुखी थांबावी म्हणून बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण ३० पैकी १४ मुलांची अभ्यासातली प्रगती शिक्षकांना थक्क करणारी होती. मुलांनी त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. आज सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. मेंदूतील पेशींनी सोडलेली डोपामिन आणि नॉरएड्रिनलिन ही संदेशवाहक रसायने चटकन परत शोषली जाऊ नयेत, अशी त्याची करणी. मला मानसोपचारतज्ज्ञांनी ते सुरू केले तेव्हा मी डोक्यात काहीतरी लख्ख होण्याची वाट पाहत होते. तसे काही झाले नाही. मी उठले, बरेच दिवस पडून राहिलेला शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, त्यावर सही केली आणि तो देऊन आले. परत येताना जिन्यात माझ्या लक्षात आले की या कामाआधी माझी स्वतःशी नेहमीची हुज्जत झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच गोळीच्या अंमलाखाली मी सगळी दुपार संदर्भसूचीतली स्वल्पविरामांची जागा सारखी करण्यात घालवली. गोळी एका जागी थांबू देते. कुठे थांबायचे हे ती ठरवत नाही. तोंड कोरडे पडते, दुपारी भूक लागत नाही, नाडी जलद चालते म्हणून ती वेळोवेळी तपासावी लागते, आणि संध्याकाळी अंमल उतरताना मी इतकी चिडचिडी होते की त्या तासात कुणाशी महत्त्वाचे बोलायचे नाही असा मी नियमच केला आहे.

परीक्षेच्या तोंडावर वर्गातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "तुझ्यातली एखादी गोळी देशील का?" मी नाही म्हटले. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मोजून मिळतात आणि ती दुसऱ्याला देणे गुन्हा ठरू शकते, हे कारण मी त्याला सांगितले. ते खरेही होते. त्याला एडीएचडी नव्हता. एडीएचडी नसलेल्या प्रौढांना अशी औषधे देऊन अवघड कोडी सोडवायला लावणाऱ्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले आहेत: लोकांनी मेहनत वाढवली, वेळ जास्त घालवला, आणि त्यांच्या उत्तरांचा दर्जा मात्र खालावला. हे मी त्याला ऐकवले नाही. मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. मला जे जमिनीच्या पातळीवर यायला लागते, ते त्याला उडी मारण्यासाठी हवे होते.

याच सुमारास माझ्या वाचनात न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार आला. १९९०च्या दशकात स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींच्या आपापसांतल्या चर्चांतून तो आकाराला येत गेला, आणि ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने १९९८ साली आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून ही कल्पना जगभर गेली याचे मला अजूनही अप्रूप वाटते. मेंदूंची घडण वेगवेगळी असणे हा मानवजातीचा स्वभावच आहे, आणि जो त्रास होतो त्याचा मोठा भाग त्या घडणीत नसून एकाच प्रकारच्या मेंदूसाठी उभारलेल्या जगात आहे, असे हा विचार सांगतो. केनियातील अरियाल समाजावरचा २००८ सालचा एक अभ्यास या बाजूने नेहमी पुढे केला जातो. या समाजातले काही लोक गुरे घेऊन भटकतात आणि काही अलीकडच्या काळात एका जागी स्थिरावले आहेत. डोपामिन ग्रहण करणारे प्रथिन घडवणाऱ्या एका जनुकाचे जे रूप एडीएचडीशी जोडले जाते, ते ज्या भटक्या पुरुषांत होते त्यांचे पोषण इतर भटक्यांपेक्षा चांगले आढळले. स्थिरावलेल्यांत मात्र तेच रूप असणाऱ्यांचे पोषण इतरांपेक्षा कमी भरले. जनुक तेच, जगणे बदलले आणि हिशेब उलटा झाला. हे वाचून मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. पण एका जनुकाचा प्रभाव अगदी थोडा असतो, एडीएचडीत अशा असंख्य जनुकांचा हातभार लागतो, आणि मी काही गुरे राखायला निघालेली नाही, हेही मला थोड्या वेळाने आठवले.

आणि दुसऱ्या तागडीत डेन्मार्क आहे. तिथल्या १९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्यांतले मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघाले, आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. मोठेपणी निदान झालेल्यांत तर धोका अधिकच होता. रस्ता ओलांडताना माझे मन तिसरीकडेच असते हे मला माहीत आहे, त्यामुळे हा अभ्यास मी पुन्हा उघडलेला नाही. एडीएचडी ही महाशक्ती आहे, देणगी आहे, असे हसऱ्या चेहऱ्याने सांगणारी चित्रफीत दिसली की मी ती बंद करते. त्या देणगीपायी माझे दोन मित्र कायमचे तुटले आहेत, कारण त्यांच्या निरोपांना उत्तर द्यायचे मी इतके दिवस मनात घोळवत राहिले की नंतर उत्तर देण्याची लाज वाटू लागली. त्याच वेळी, मला पूर्ण बरे करून टाकतो असे कुणी म्हटले तर मी लगेच हो म्हणेन असेही नाही. त्या जमीन-मोजणीच्या वादाबद्दल मध्यरात्रीपर्यंत वाचताना मला जे वाटत होते, तेवढे जिवंत मला क्वचितच वाटते, आणि माझा प्रबंध आज त्याच वादावर आहे. विकार की वैविध्य, असा कौल मागणाऱ्यांना मी अलीकडे दोन्ही म्हणून सांगते आणि त्यांना ते पळवाट वाटते. मला मात्र सकाळी गोळी घेताना आणि दुपारी विद्यापीठाकडे सवलतीचा अर्ज करताना यात कुठलीही विसंगती जाणवत नाही.

सवलतींचा अर्ज हा स्वतःच एक विनोद आहे. ज्यांना अर्ज भरणे, कागद जपणे आणि मुदत पाळणे जमत नाही, त्यांनी ते जमत नाही हे सिद्ध करण्यासाठी बरेच अर्ज भरायचे, कागद जपायचे आणि मुदत पाळायची. मला परीक्षेसाठी जादा वेळ आणि वेगळी खोली मिळाली. जादा वेळेचा मला फार उपयोग होत नाही. वेळ वाढला की माझे भरकटणेही तेवढे पसरते. वेगळ्या खोलीने मात्र फरक पडला, कारण तिथे कुणी खुर्ची सरकवत नाही आणि पुरवणी मागायला उठत नाही. बाकीचे उपाय मी ऐकून, पाहून आणि मोडतोड करून जमवले आहेत. मोठ्या आकड्यांचे घड्याळ टेबलावर समोर असते. आठवणीत ठेवायची प्रत्येक गोष्ट दारावर चिकटवलेली असते, कारण जे डोळ्यांआड जाते ते माझ्यापुरते नाहीसे होते. आणि त्याच मैत्रिणीशेजारी मी रोज ग्रंथालयात बसते. ती माझ्याकडे पाहतही नाही, पण कुणीतरी शेजारी काम करते आहे एवढ्यानेच माझे काम सुरू होते. हा उपाय पुष्कळांना लागू पडतो असे नंतर समजले. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला पण एकटीला सुचत नाही गं," आणि या वेळी मला ते वाक्य टोचले नाही.

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना सांगायचे की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. एकदा सांगितलेले परत घेता येत नाही, आणि यापुढे माझ्या प्रत्येक उशिराकडे त्या कोणत्या नजरेने पाहतील याची खात्री नव्हती. शेवटी सांगितले. त्यांनी सहानुभूती दाखवली नाही आणि शंकाही घेतली नाही, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "बरं, मग मी नेमकं काय करू?" या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. "मॅडम, सहा महिन्यांनी पूर्ण मसुदा मागू नका," मी म्हटले, "दर आठवड्याला काहीतरी मागा. अर्धवट असलं तरी." अर्धवट लिखाण वाचायला आपल्याला आवडत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मग रोजनिशी उघडून शुक्रवारची वेळ लिहून घेतली. पहिल्या शुक्रवारी मी दीड पान नेले. त्यांनी लाल पेनाने त्यातला एक परिच्छेद पूर्ण खोडला, दुसऱ्याच्या समासात "पुरावा?" असे लिहिले, आणि पुढच्या शुक्रवारी तोच परिच्छेद पुराव्यासह घेऊन यायला सांगितले.